माझ्या जुन्या नंबरवरचा माणूस

मी बावीस वर्षं आखातात नोकरी केली. एका मोठ्या गोदामातल्या थंड खोल्यांची यंत्रं सांभाळायचं काम. बाहेर डांबर वितळायचं आणि आत मी स्वेटर घालून फिरायचो. गाव आमचं बोर्ली पंचतन आणि म्हसळ्याच्या मधे, खाडीच्या काठाला. आमच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस तरी बाहेर असतोच, त्यामुळे माझ्या जाण्यायेण्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. सांगायचंय ते फोनबद्दल. या बावीस वर्षांत माझ्या खिशात नऊ-दहा फोन आले आणि गेले. प्रत्येक वेळी दुकानदार म्हणाला, "घ्या, आता सगळं सोपं झालं." प्रत्येक वेळी काहीतरी नवीन अवघड होऊन बसलं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याकडे फोन नव्हताच. रस्त्यावरच्या पेटीत कार्ड घालायचं आणि गावच्या किराणा दुकानाचा नंबर लावायचा. दुकानवाले चाचा म्हणायचे, "दहा मिनिटांनी कर, बोलावून आणतो." ती दहा मिनिटं मी उन्हात तिथेच उभा. मग अम्मी यायची, धापा टाकत. मी लांब होतो म्हणून ती फोनमध्येही ओरडूनच बोलायची. "बरा हायस ना? जेवलास का न्हाय?" जेवलो म्हणेपर्यंत कार्ड संपायचं.

पुढच्या वर्षी घरी परतणाऱ्या एका माणसाकडून जुना फोन घेतला. साबणाच्या वडीएवढा, वरती आखूड अँटेना. त्या फोनसोबत मिळालेला नंबर मी शेवटपर्यंत बदलला नाही. पहिल्या सुट्टीला निघालो तेव्हा मला वाटलं, आता काय, मुंबईत उतरलो की फोन करून सांगायचं. विमान उतरलं आणि पडद्यावर रेंजची एक काडीही दिसेना. तिकडचं सिम इथे आंधळं. माणगावपर्यंत जीप, तिथून एसटी, आणि दारात जाऊन उभा राहिलो तेव्हा अम्मी ओट्यावर बसून बोंबील साफ करत होती. तिने वर बघितलं, किंचाळली, आणि हाताला मासळीचा वास म्हणून मनगटांनीच माझ्या पाठीत धपाटे घातले. "कळवायचं न्हाय? घरात भात सुद्धा तेवढा न्हाय!" मी तो फोन खिशातून काढून दाखवला. ती म्हणाली, "मग ह्याचा उपयोग काय?"

तेव्हा हसलो होतो.

पुढे दोन सिमं झाली. इथलं सिम तिकडे असताना पासपोर्टच्या आवरणाला आतून चिकटपट्टीने लावलेलं, आणि तिकडचं इथे असताना तसंच. विमानात बसल्या बसल्या टाचणी घेऊन अदलाबदल करायची. एकदा तिकडचं सिम सीटच्या फटीत पडलं आणि शेजारच्या माणसाला उठवून मी गुडघ्यावर बसून शोधत राहिलो. मग फोन बदलला, तर सिमचा आकार बदलला. म्हसळ्याला एका दुकानात ते कात्रीने कापून दिलं. जरा जास्तच कापलं. "बसेल, दाबून लावा," दुकानदार म्हणाला. दाबून लावलं ते बसलं, पण फोन आडवा धरला की लाइन जायची. चार्जरचं तर बोलायलाच नको. दर दोन-तीन वर्षांनी फोनचं भोक बदलायचं. माझ्या बॅगेतल्या एका पिशवीत सहा प्रकारच्या वायरी आहेत. बायको म्हणते फेका. मी फेकत नाही, कारण फेकली की तीच लागते.

गावात रेंज फक्त खाडीच्या बांधावर यायची. शुक्रवारी मला सुट्टी. दुपारच्या नमाजनंतर बायको बांधावर जाऊन उभी राहायची, तिच्या मागे अम्मी. पावसाळ्यात दोघी एका छत्रीत. वारा सुटला की आवाज कापला जायचा, मग मी "हॅलो, हॅलो" करत बसायचो आणि मला ऐकू यायचा फक्त छत्रीवर पडणारा पाऊस.

मोठ्या पडद्याचे फोन आले तेव्हा वाटलं, आता चेहरे दिसतील. पण आम्ही होतो तिथे इंटरनेटवरून बोलायला बंदी. व्हिडिओ लावला की दोन सेकंद अम्मीची नथ दिसायची, मग गोल फिरणारं चाक. एक अ‍ॅप बंद झालं की खोलीतला कुणीतरी दुसरं शोधून आणायचा. ते महिनाभर चालायचं. घरी दरवेळी नवीन अ‍ॅप कसं घालायचं ते मी बायकोला समजावायचो, ती मुलीला सांगायची, आणि तोपर्यंत तेही बंद.

चालू राहिले ते आवाजाचे मेसेज. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. तिने आजीला शिकवलं. "दादी, इथे बोट दाबून धर आणि बोल. बोट काढलं की गेला मेसेज." अम्मीला लिहितावाचता येत नव्हतं, पण हे जमलं. आणि एकदा जमल्यावर ती थांबेना. सकाळी एक, दुपारी एक. कुणाकडे लग्न ठरलं, कुणाची होडी दुरुस्तीला लागली, कोंबडी कुठे अंडं घालून आली, आंब्याला मोहर कसा आहे. मधेच माझी खरडपट्टी. चार-चार, पाच-पाच मिनिटांचे मेसेज. मी कामावर असायचो. थंड खोलीत हातमोजे घातलेले, फोनला हात लावता येत नाही. मधल्या सुट्टीत पहिलं अर्धं मिनिट ऐकायचो, "बरा हायस ना" आलं की समजायचं सगळं ठीक आहे. उरलेला मेसेज नंतर. बरेच तर उघडलेच नाहीत. मी फक्त अंगठ्याचं चित्र पाठवून द्यायचो. तिला ते आवडायचं नाही. म्हणायची, "अंगठा काय दाखवतोस, मी काय कर्ज मागितलंय?"

तीन वर्षांपूर्वी अम्मी गेली. मध्यरात्री बायकोचा निरोप आला आणि मिळेल त्या विमानाने मी निघालो. रोमिंग सुरू झाल्याचा मेसेज निघतानाच आला होता. मुंबईत उतरलो तर पडद्यावर काडी नाही. इथलं सिम घातलं, तर बरेच महिने रिचार्ज नाही म्हणून ते बंद झालेलं. विमानतळावर फुकट इंटरनेटची पाटी होती. जोडलं, तर पडद्यावर आलं, मोबाइल नंबर द्या, कोड पाठवतो. तिकडचा नंबर दिला, कोड आला नाही. इथला दिला, तो बंदच. म्हणजे फोन चालत नाही म्हणून इंटरनेट हवं आणि इंटरनेट हवं तर आधी फोन चालायला हवा. मी तिथल्या एका खिडकीवरच्या माणसाला हे सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, कोड आल्याशिवाय होणार नाही."

मी लोकांकडे फोन मागायला लागलो. एक बाई "सॉरी" म्हणून पर्स छातीशी धरून बाजूला झाल्या. एक गृहस्थ म्हणाले, बॅटरी नाही, आणि त्याच फोनवर बोलत पुढे गेले. मला त्यांचा राग आला, पण माझीही दाढी वाढलेली, डोळे लाल. मीही दिला नसता. शेवटी सफाईच्या एका मावशींनी बादली खाली ठेवून स्वतःचा बटणांचा फोन पुढे केला. बायकोला लावला. "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे." तीनदा तेच. मग मी त्यांच्या फोनवरून मेसेज लिहिला: उतरलो, थांबा.

घरी सगळे माझ्या फोनची वाट बघत होते. माझा नंबर बंद लागत होता. मी विमानात बसलो की नाही, हेही कुणाला कळेना. मोहल्ल्यातले वडीलधारे म्हणाले, आता किती ताटकळत ठेवायचं तिला, आणि दुपारी जोहरच्या नमाजनंतर दफन झालं. हमरस्ता खोदलेला होता. मी माणगावला होतो तेव्हा अम्मी मातीआड गेली होती. माझा तो मेसेज बायकोच्या फोनवर वाजला तो तीन वाजता, सगळे कब्रस्तानातून परत आल्यावर.

"हे आधी कळलं असतं तर एक तास कुणीही थांबलं असतं," बायको म्हणाली. तिला मला दोष द्यायचा नव्हता. पण ते वाक्य मला अजून टोचतं.

मागच्या वर्षी मी कायमचा परतलो. तिकडचा राहण्याचा परवाना रद्द झाला की त्याच्या नावावरचा फोन नंबरही रद्द होतो, हे मला माहीत होतं, पण डोक्यात आलं नाही. फोन तर चालत होता, घरच्या वायफायवर मेसेजही येत होते. मग एके दिवशी अ‍ॅप उघडलं तर सूचना: या फोनवर हे अ‍ॅप यापुढे चालणार नाही, अपडेट करा. अपडेट करायला गेलो तर, तुमचा फोन जुना आहे. चांगला धडधाकट फोन, एक ओरखडा नाही.

माणगावला जाऊन नवा फोन आणला. मुलगी आता तिथेच कॉलेजात आहे, तिने सगळं बसवायला घेतलं. जुना नंबर टाकला, आणि पडद्यावर आलं: या नंबरवर सहा आकडी कोड पाठवला आहे.

मुलीने माझ्याकडे बघितलं. "अब्बा, तो नंबर आहे कुठे?"

"बंद झाला."

"मग तो आधी बदलायला नको का? सगळे मेसेज त्या नंबरच्या कुलपात आहेत."

"दादीचे पण?"

तिने नुसती मान हलवली.

संध्याकाळी मी बायकोला सांगितलं की अम्मीचे मेसेज अडकलेत. मी चिडलेलोच होतो, कंपन्यांना, फोनला शिव्या देत होतो. ती तांदूळ निवडत होती. तशीच मान खाली घालून म्हणाली, "ती होती तेव्हा तुम्ही अर्धे तरी ऐकलेत का?" मी उठून बांधावर जाऊन बसलो.

आम्ही मदत मागायचे सगळे रस्ते धुंडाळून बघितले. तिकडच्या फोन कंपनीच्या मदतीचा नंबर लावला की यंत्रातली बाई पर्याय वाचून दाखवायची, त्यात माझा पर्याय नव्हता. लिहून विचारलं तर उत्तर आलं की आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. चार दिवस हे झाल्यावर मुलगी सहज म्हणाली, "अब्बा, त्या नंबरला फोन लावून बघितलात का?"

लावला. रिंग वाजली. माझ्याच नंबरची रिंग बाहेरून ऐकताना कसंतरीच वाटलं. एका माणसाने उचलला. "हॅलो, कौन?"

मी माझं नाव सांगितलं. तो भडकलाच. नेपाळी वळणाच्या हिंदीत बोलत होता. म्हणाला, "अच्छा, तर तुम्ही आहात ते! दोन महिने झाले मला हे सिम घेऊन. रोज तुमच्यासाठी फोन. कुणी म्हणतो यंत्र बिघडलं, लवकर ये. कुणी शिव्या घालतो. माझ्या बायकोचा फोन मला लागत नाही, तुमच्या दोस्तांचे लागतात."

मी माफी मागितली. मग घाईघाईने सांगितलं की तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे येतील, तेवढे वाचून दाखवा.

"नाही देणार."

"भाई, माझ्या आईचा आवाज आहे त्यात."

"सगळे असंच सांगतात," तो म्हणाला. "माझ्या खोलीतल्या एकाने असाच कोड दिला आणि त्याचं खातं साफ झालं."

मी आवाज चढवला. तो नंबर माझा आहे, वीस वर्षं माझा होता, असं काहीबाही बोललो. त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही. मुलगी समोर उभी होती. म्हणाली, "अब्बा, मला कुणी असा फोन केला असता तर तुम्हीच मला सांगितलं असतं, ठेवून दे."

खरं होतं. म्हणून तर जास्त चीड आली.

तिकडे माझा जुना खोलीसोबती अजून नोकरीत आहे. म्हसळ्याच्या आतल्या बाजूच्या गावचा, घरी भातशेती, पावसाळ्यात सुट्टी मिळावी म्हणून दरवर्षी साहेबाशी भांडणारा. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, फोनवर कोण विश्वास ठेवणार? मी शुक्रवारी जाऊन भेटतो त्याला." त्याने त्या माणसाला फोन करून पत्ता काढला. तो एका लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला होता. शुक्रवारी माझा सोबती दोन बस बदलून त्याच्याकडे गेला, सोबत आमचा दोघांचा खोलीतला जुना फोटो आणि डाळिंबं घेऊन. दोघं चहाला बसले. मग त्या नेपाळी माणसाने स्वतः मला फोन लावून दिला. "बोला. पाठवा तुमचा कोड."

मुलीने कोड मागवला. तो वाचायला लागला, "चार, सात..." आणि आमची लाइन गेली. मी फोन घेऊन बांधाकडे पळालो. परत लागेपर्यंत कोडची मुदत संपली. दुसरा मागवला. त्याने वाचला, मी मोठ्याने मुलीला सांगितला, तिने टाकला, चूक. मी "सत्तावीस" म्हणालो होतो, तिने बहात्तर टाकलं होतं, की तो बहात्तर म्हणाला होता, कुणास ठाऊक. तिसऱ्या वेळी पडद्यावर आलं की फार वेळा प्रयत्न झाले, बारा तासांनी करा.

मी फोन अंगणात आपटणार होतो. बायकोने तो हातातून काढून घेतला.

माझा सोबती तर परत गेला. आता तो माणूस एकट्याने, माझ्यासाठी पुन्हा कशाला खटाटोप करेल? मी आशा सोडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. तोच. "कामाला जायच्या आधी वीस मिनिटं आहेत. मागवा." या वेळी आम्ही तिघं आधीच बांधावर जाऊन उभे राहिलो. त्याने एकेक आकडा सुटा सुटा सांगितला, मुलीने तसाच टाकला, आणि अ‍ॅप उघडलं.

सगळं आलं असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. यादी आली, अम्मीच्या नावाखाली मेसेजची लांबच लांब रांग आली. पण बहुतेकांवर बोट ठेवलं की उत्तर यायचं, ही फाइल उपलब्ध नाही. मुलगी म्हणाली, जागा भरली होती, त्यामुळे जुन्या फोनने आवाजाच्या मेसेजचा बॅकअप घेणंच सोडून दिलं असणार. जुन्या फोनने हे मला कधी नीट सांगितलं नाही. सांगितलं असेल तर एखाद्या चौकटीत, आणि मी "ठीक" दाबून मोकळा झालो असेन.

शेवटी चालले ते अकरा. त्यातले सात मी पूर्वी अर्धवट ऐकलेले. चार कधीच न उघडलेले. त्यातला एक साडेपाच मिनिटांचा. आम्ही तिघं अंगणात बसून तो लावला. पहिलं वाक्य, "बरा हायस ना?" मग पावसाची दोन वाक्यं. मग बहुधा तिचं बोट चुकून कुठेतरी सरकलं आणि बोट काढल्यावरही मेसेज चालूच राहिला, आणि तिला ते कळलं नाही. पुढची पाच मिनिटं ती स्वयंपाकघरात आहे. भांडं सरकतं. ती स्वतःशीच म्हणते, मीठ कुठे ठेवलं. मांजर येतं, त्याला ती दम देते, "तुझ्या बापाची मासळी हाय काय?" मग बराच वेळ नुसतं फोडणीचं चरचरणं. बायको हसायला लागली आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. तो संपल्यावर मुलीने तो आणखी दोन ठिकाणी साठवून ठेवला आणि तेव्हाच माझा नंबरही बदलून टाकला.

मला वाटलं, त्या नंबरशी माझा संबंध इथे संपला. पण तो माणूस अजूनही आठवड्यातून एकदा फोन करतो. "आज तुमच्यासाठी आलंय, डोळे तपासायची तारीख उलटून गेली." "आज कुठल्या तरी दवाखान्याचं आलंय." कालच्या फोनमध्ये तो दमलेला वाटला. त्याने विचारलं, "साहेब, एकदाच सांगा, हा नंबर अजून कुठे कुठे दिलाय तुम्ही?"

मी त्याला म्हटलं, सांगतो. मुलीने वही घेतली. मी आठवत गेलो, बायको भर घालत गेली: पासपोर्टचा फॉर्म, विम्याचा कागद, मुलीच्या शाळेचा जुना दाखला, तिकडचा चष्मेवाला, विमान कंपनी. दोन पानं झाली. आणखी असणार, पण ती मला आठवत नाहीत, आणि आठवणार कुठून, तेही मला कळत नाही.